अर्धी होडी

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला 50 माणसं जायची आहेत, शिडाच्या एका होडीत 20 बसतात. होड्या किती लागतील? पाचवीच्या वहीत याचं उत्तर खुशाल ‘अडीच’ येतं. भागाकार बिनचूक, पण अर्धी होडी तरंगणार कशी? दोष पोरांचा नाही. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ही युक्ती आपणच शिकवतो. मग ‘माळेत एकूण 40 पांढरे कांदे होते, विकून 15 उरले, तर विकले किती?’ याचं उत्तर कुणी ‘एकूण’ पाहून 55 लिहिलं, तर रागवायचं कुणावर? अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं, की कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करतात, पण पुस्तकी गणितात अडतात, शाळकरी मुलांचं नेमकं उलट. अलिबागच्या मासळीबाजारात याहून वेगळं दिसेल, असं मला तरी वाटत नाही. तेव्हा पालकहो, उदाहरणातले आकडे आधी बोटाने झाका. काय घडलं ते मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्या, चित्र काढायचं तर काढू द्या. गुणायचं की भागायचं, हे त्यानंतरच विचारा.