दक्षिणेची भिंत आणि आक्काचा पाय



बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. कारण घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगते. गेल्या डिसेंबरात आमच्या आक्काचा पाय भाजला. ती लेकाकडे असते पनवेलला, बारा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर. सकाळी वीज गेली होती, म्हणून गीझर बंद. लेक-सून कामावर गेलेले. आक्काने गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं आणि न्हाणीघरात नेताना उंबऱ्याला अडखळली. वय वर्षं ७९. तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती.

मी कासूहून गाडी पकडून गेले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर चादरी वाळत घालायला गेले, तर काय दिसावं? सोलर! कोपऱ्यात ओळीने उभ्या केलेल्या पेट्या, दोन-तीन काचा फुटलेल्या, पाइप तोडलेले. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, "आजी, ते बिल्डिंग पास करायला लावलेलं." पूर्वी वरच्या दोन मजल्यांना गरम पाणी यायचं म्हणे. खालच्यांनी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं, तेव्हा कुठे कोमट पाण्याची धार लागायची. मग दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावरून भांडणं झाली आणि सगळंच बंद पडलं.

मला खरंच राग आला. डोक्यावर सोलर असताना म्हातारीने पातेलं का उचलायचं?

मी मराठीची शिक्षिका, पण शाळेत माणसं कमी असली की सातवीला विज्ञानही शिकवलंय. तेवढ्यावर हिशेब करून बघा. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते. म्हणजे महिन्याला शंभरच्या वर. महावितरणचा पहिला, स्वस्त टप्पाच मुळी शंभर युनिटांचा! तो नुसत्या आंघोळीत संपला.

आता सोलर. शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटरची पेटी लागते. मजल्यावर चार घरं धरली तर बारा मजल्यांची ४८ घरं, म्हणजे ९६ चौरस मीटर पेट्या. शिवाय एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मधे मोकळी जागा. त्याच गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि आता विजेची पॅनल. कागदावर बसवता येईलही. पण तिथून चौथ्या मजल्यापर्यंत पाणी गार न होता कसं उतरायचं?

आणि त्याच इमारतीची दक्षिणेची भिंत? सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभी, रिकामी.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोलर गच्चीवरून उतरवा आणि भिंतीत घाला. मागाहून लटकवलेलं नको, नकाशातच हवं. खिडकीखालची भिंत म्हणजेच पेटी. पुढे काच, आत काळा पत्रा आणि पाण्याच्या नळ्या, मागे ऊब अडवणारा थर. टाकी त्याहून वर, न्हाणीघराच्या छताजवळ. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं. पंप नको, वीज नको. चीनमध्ये उंच इमारतींच्या सज्ज्यांना अशा पेट्या सर्रास असतात. भिंतीने ऊन गोळा करायची कल्पना तर फार जुनी. अमेरिकेत एडवर्ड मोर्सने १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. त्याने हवा तापवली, आपण पाणी तापवू.

आमचा भाचा इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "मावशी, उभ्या भिंतीला ऊन कमी मिळतं." अगदी खरं. पण कधी कमी मिळतं ते बघ की! मेच्या मध्याला आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. मी मुलांना पटांगणात काठी रोवून दाखवायची. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि दक्षिणेची भिंत सावलीत. तेव्हा गरम पाणी हवंय कुणाला? डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, ऊन थेट भिंतीवर येतं. नेमकी आक्काला गरम पाणी लागतं तेव्हाच. दोनाऐवजी तीन चौरस मीटर घ्या, काम भागेल. पावसाळ्यात गच्चीवरचं सोलरही झोपलेलंच असतं.

सगळ्यांना दक्षिण मिळणार नाही, कबूल. पूर्व-पश्चिमेच्या घरांना अर्धं ऊन मिळेल, उत्तरेच्यांनी गच्ची घ्यावी. समोर दुसरी इमारत चिकटून उभी असेल तर भिंतीचा उपयोग नाही, हेही कबूल. म्हणूनच हे नकाशाच्या वेळी बघायला हवं.

कुणी म्हणतं, इमारत कुरूप दिसेल. वा! एसीचे डबे, लोखंडी पिंजरे आणि वाळत घातलेल्या पँटी शोभून दिसतात वाटतं? कुणाला वादळाची भीती. ती मी समजू शकते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही रायगडकर कसं विसरू? पण त्या दिवशी उडालं ते वर नुसतं ठेवलेलं आणि बांधलेलं. भिंतीत चिणलेलं सहसा उडत नाही.

"आता विजेची पॅनल स्वस्त झालीत की!" हा आणखी एक आक्षेप. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजारांचं अनुदान. चांगलीच गोष्ट. पण पॅनल उन्हाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतं, पाण्याची पेटी निम्मं ऊन तरी उबेत बदलते. शिवाय वीज गेली की लाइनला जोडलेली साधी पॅनलही बंद होतात. म्हणजे आक्काच्या हातात पुन्हा पातेलं. पॅनल गच्चीवर राहू देत, भिंत पाण्याला द्या.

दोष उन्हाचा नाही, नियमाच्या नजरेचा आहे. पेट्या बसवल्या का, एवढंच विचारलं जातं. पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते, ते योग्यच. पण माझ्या मते तपासायचा असतो तो नळ. चौथ्या मजल्यावर, जानेवारीत, सकाळी सात वाजता. नुसत्या हजेरीवर आम्ही मुलांना पास करत नसू!

आमच्या न्हाणीत पाणचूल होती. तिच्या धुराने आईचे डोळे गेले ते गेलेच, पण तिला गरम पाणी घेऊन घरभर फिरावं लागलं नाही. सोय होती तिथेच होती.

असो. नात्यातली तीन मुलं सध्या फ्लॅट बघत फिरताहेत. त्यांनी बिल्डरला दोन प्रश्न जरूर विचारावेत. दक्षिणेच्या भिंतीवर काय आहे? आणि सोलरचं पाणी माझ्या नळाला येईल का?

आक्का आता काठी घेऊन चालते. पातेलं उचलायला मी बंदी घातली आहे. ऐकते असं नाही.