आरोग्य-विचार : श्वासाचा आवाज

“औषध रोज घेतें, पण धाप कांहीं हटत नाहीं,” ही दम्याच्या रोग्याची तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. अशा वेळीं औषधाला बोल लावण्यापूर्वीं श्वास कसा ओढला, हें पाहिलें पाहिजे.

फवाऱ्याच्या इनहेलरमधून औषध दाबानें आपोआप उडतें. तेथें श्वास संथ व लांब, चार-पांच सेकंदांचा हवा. जोरानें ओढल्यास औषध घशावरच आपटतें. कोरड्या भुकटीच्या इनहेलरचें अगदीं उलट. भुकटी उधळण्याचें काम रोग्याच्या श्वासालाच करावें लागतें, म्हणून तो प्रारंभापासून जोरदार पाहिजे. प्राणायामाची संवय असलेल्या वडील मंडळींची येथें फसगत होण्याचा संभव. पूरक सावकाश करावा, हें त्यांच्या अंगीं मुरलेलें असतें!

‘डिस्कस’ जातीच्या इनहेलरला मिनिटास निदान ३० लिटर हवेचा वेग लागतो. ६० च्या आसपास असल्यास उत्तम. हा वेग डोळ्यांना दिसत नाहीं. मात्र अरुंद वाटेनें खळबळत जाणारी हवा आवाज करते, व वेगाबरोबर आवाजही वाढतो. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेज आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स येथील संशोधकांनीं २०१० नंतरच्या दशकांत याचाच उपयोग केला. ‘इन्का’ नांवाचें त्यांचें लहानसें उपकरण इनहेलरला चिकटवितात. त्यांतील मायक्रोफोन प्रत्येक खेपेचा आवाज वेळेसह मुद्रित करतो. पुढें त्यावरून श्वासाचा कमाल वेग संगणक अजमावतो. त्याकरितां आवाज व वेग यांचा मेळ प्रयोगशाळेंत आधीं बसवून घ्यावा लागतो, आणि एका जातीच्या इनहेलरचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

इनहेलरवरील आंकडा मात्रा उघडली एवढेंच सांगतो; ती पोटभर श्वासानें ओढली, कीं उलट नळींतच उच्छ्वास टाकून भुकटी दमट केली, हें आवाजावरून कळतें. श्वासच अपुरा असतां मात्रा वाढवीत गेल्यास खर्च वाढतो, धाप तशीच राहते. मात्र असलें उपकरण सासूबाईंच्या नकळत लावणें आम्हांस पसंत नाहीं.

उपकरण नसलें, तरी इनहेलर बरोबर नेऊन डॉक्टरांसमोर एकदां श्वास ओढून दाखवावा. कॅप्सूल घालावयाच्या कांहीं इनहेलरांत ती थरथरल्याचा आवाज येतो; तो आला नाहीं, तर तेंही डॉक्टरांना सांगावें.