सही आणि तारण

अमेरिकेत जुन्या नोटा जमवणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. नोट किती डॉलरची, यापेक्षा ती कोणत्या गावची, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. १८६३च्या कायद्याने तिथल्या ‘नॅशनल बँकां’ना स्वतःच्या नावाच्या नोटा काढता येऊ लागल्या, ही पद्धत १९३५पर्यंत टिकली. नोटांचे छापील ताव बँकेत येत. त्यांवर बँकेचे नाव, गाव आणि सनदेचा क्रमांक असे. अध्यक्ष आणि कॅशियर शाईने सह्या करत आणि लहान गावांत चक्क कात्रीने नोटा कापल्या जात. तिथला कॅशियर म्हणजे जाळीआडून पैसे मोजणारा नव्हे, बँकेचा प्रमुख कारभारी!

ज्या गावच्या नोटा कमी उरल्या, त्यांना भाव जास्त. आजोबांच्या गावची नोट हाती आली की भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. मग हमखास ऐकू येते, ‘तेव्हा विश्वास माणसावर होता हो!’

माझी हयात बँकेत सह्या करण्यात गेली, म्हणून सांगतो, हे खरे नाही. ती नोट केवळ सहीवर चालत नव्हती. बँकेला सरकारी रोखे घेऊन सरकारकडे तारण ठेवावे लागत. त्यांच्या मूल्याच्या ९० टक्के, आणि १९००पासून शंभर टक्के नोटा काढता येत. बँक बुडाली तरी नोटेचे पैसे सरकार देई.

ठेवीदाराचे काय? त्याच्या पासबुकामागे असे तारण नव्हते. १९२९नंतरच्या मंदीत हजारो बँका बुडाल्या, तेव्हा एकाच बँकेची नोट शाबूत राहिली आणि ठेव मात्र अडकली. बँक तीच, कारभारी तोच. फरक होता तो कायद्याचा. ठेवींना देशभर विमा मिळाला तो १९३४मध्ये. आपल्याकडे तो १९६२मध्ये आला आणि २०२०पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली. गावातली पतपेढी किंवा बँक अडचणीत आली की दाराशी रांगेत उभी राहणारी म्हातारी माणसे पाहिली, की या कोरड्या आकड्यांचा अर्थ कळतो.

तेव्हा नोटा जरूर जमवाव्यात. छंद सुंदरच आहे. फक्त अल्बममध्ये त्या नोटेशेजारी, मिळाले तर, त्याच बँकेचे एखादे जुने पासबुकही ठेवावे. त्याशिवाय त्या गावाची गोष्ट पुरी होत नाही.