साहेबांना सीसीत घेताना

हल्ली ऑफिसातल्या भांडणात आवाज चढत नाही, सीसीत साहेबांचं नाव चढतं. ‘अरे, त्या बिलाचं बघ ना जरा’ अशी चाललेली मेलामेली एक दिवस अचानक ‘डिअर सर, अ‍ॅज पर माय ट्रेलिंग मेल’वर येते आणि वर दोन्हीकडचे मॅनेजर दिसतात. बिल तेच असतं, पण समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. तोही उत्तर देताना आपल्या बाजूचे दोघे जोडतो. मग बिल राहतं बाजूला आणि जुने मेल उकरणं सुरू होतं. एक फोन केला असता तर पीओ नंबर चुकलाय, एवढंच निघालं असतं.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कागदांच्या मध्ये कार्बन घालून प्रती काढत, आणि खालची प्रत वाचायला डोळे ताणावे लागत. प्रत कुणाला द्यायची, याचा विचार त्यामुळे आपोआप व्हायचा. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ अजूनही असतं. तिथे नावांची उतरंड चोख. मेलमध्ये मात्र पाच प्रती काय नि पाच हजार काय, बोटाला श्रम सारखेच.

नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत चाचणीचा एक मेल चुकून सुमारे 8 लाख 40 हजार कर्मचाऱ्यांना गेला. ‘मला यादीतून काढा’ असं लोकांनी कळवलं, तेही ‘रिप्लाय ऑल’ दाबून. मग ‘कृपया रिप्लाय ऑल करू नका’ हेसुद्धा रिप्लाय ऑलनेच सांगणारे निघाले! मेलची यंत्रणा रखडली. मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये हाच प्रकार स्वतःच्या घरात भोगला होता. 2020 मध्ये त्यांनी त्यावर आपोआप लागणारा लगाम आणला: पाच हजारांवर लोकांच्या मेलला तासाभरात दहा रिप्लाय ऑल आले, की पुढचे चार तास बंद.

साहेबांना उगाच ओढणाऱ्यांसाठी असा लगाम नाही. ओढायचंच असेल तर निदान उघड ओढावं. ‘मंजुरी लागेल म्हणून मॅडमना जोडतोय’ एवढी ओळ मजकुरात असली, की समोरच्याला दबा धरल्यासारखं वाटत नाही. काम झालं की पुढच्या मेलमधून मॅडमना मोकळंही करावं. ते कुणी करत नाही.

बीसीसीचं, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीचं, एक काम सरळ आहे. शंभर ग्राहकांना एकच मेल पाठवताना त्यांचे पत्ते एकमेकांना दिसू नयेत. सहकाऱ्याच्या पाठीमागे साहेबांना बीसीसीत बसवणं ही मात्र निव्वळ चुगली, आणि तीही धोक्याची. साहेब मेल मोबाइलवर वाचतात, घाईत असतात, वर कोण कुठल्या रकान्यात आहे ते बघत नाहीत, आणि ‘नोटेड, हा नेहमीच असं करतो’ लिहून रिप्लाय ऑल दाबतात.