गर्भाची पारख, बाजाराच्या काट्यावर

विज्ञानाचे कोणतेही साधन ज्या समाजात वापरले जाते, त्या समाजाचे गुणदोष घेऊनच वावरते. जन्मापूर्वी भ्रूणाची जनुकीय तपासणी करून कोणता भ्रूण वाढवावयाचा व कोणता नाही हे ठरविणाऱ्या तंत्राकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेत फलित केलेल्या भ्रूणातील पेशी तपासून गर्भधारणा घडविण्याचा प्रयोग लंडनमध्ये ॲलन हँडीसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली यशस्वी केला. हेतू होता प्रामुख्याने मुलग्यांना ग्रासणारे आनुवंशिक आजार टाळण्याचा. आणि त्यासाठी तपासले गेले ते भ्रूणाचे लिंग! आजार टाळण्याचे साधन आणि लिंग निवडण्याचे साधन एकच असू शकते, हे पहिल्याच पावलाला दिसून आले.

महाराष्ट्राला हा धडा त्याआधीच मिळाला होता. गर्भजलपरीक्षा भारतात १९७० च्या दशकात आली ती गर्भातील विकृती ओळखण्यासाठी. पाहता पाहता ती मुलगी नको असणाऱ्यांच्या सेवेला रुजू झाली. आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचा लाखोंचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्ते यांनी मुंबईत उभारलेल्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरले. बीड जिल्ह्यात ते ८०७ झाले. कायदा कागदावर होता. यंत्र मात्र बाजारात होते.

मग सर्वच जन्मपूर्व तपासण्यांवर बंदी घालावी काय? असे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी व दलित वस्त्यांमध्ये सिकलसेलच्या वेदना काय असतात, हे तेथील कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक असते. एक मूल अशा आजाराने गमावलेल्या मातेला दुसऱ्या वेळी आधी जाणून घ्यावेसे वाटले, तर तिला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु हा निर्णय तिचा असावयाचा, तर तो खरोखर स्वतंत्र असला पाहिजे. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भधारणा करून भ्रूण तपासून घेण्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. श्रीमंताला भ्रूण निवडता येतो. गडचिरोलीच्या मजूर स्त्रीला फार तर वेळेवर तपासणी आणि दूरच्या शहरात गर्भपात. आणि तिने ते मूल वाढवावयाचे ठरविले तर? २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेल व थॅलेसेमिया यांना अपंगत्वाचा दर्जा दिला आहे. हक्क कायद्यात असून औषध, रक्त व शाळा गावात नसतील, तर तिचा निर्णय तिचा राहत नाही. तो दारिद्र्याने घेतलेला असतो. अशा समाजात ‘रोग टाळा’ या घोषणेचे ‘रोगी टाळा’ व्हावयास वेळ लागत नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली. तीत मिळणारे कार्ड मुलीचे लग्न मोडण्याचे हत्यार बनणार नाही, हे पाहणे म्हणूनच चळवळीचेही काम ठरते. वाहक व्यक्ती आजारी नसते, हे घरोघर सांगितले पाहिजे.

बाजाराची झेप तर याही पुढे गेली आहे. अमेरिकेत खासगी कंपन्या भ्रूणाच्या भावी उंचीचे व बुद्धीचेही अंदाज विकू लागल्या आहेत. हे अंदाज वापरण्याजोगे भरवशाचे नाहीत, असे जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थांनी बजावले आहे. पण ग्राहक असेतो दुकान बंद होत नाही. नाझी जर्मनीने १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा करून ‘सदोष’ माणसांची वीण रोखावयास घेतली. तेथे सरकारचे फर्मान होते, येथे कंपनीचे दरपत्रक आहे. पण माणसाची किंमत जन्माआधी ठरविण्याची वृत्ती तीच. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या जातिव्यवस्थेशी झुंजणाऱ्या चळवळीला ही वृत्ती ओळखावयास कष्ट पडू नयेत.

म्हणून भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. गंभीर आनुवंशिक आजारांची तपासणी व तटस्थ सल्ला सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळावा. अपंग मूल वाढविणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी शासनाने स्वीकारावी. लिंग, रंग, उंची, बुद्धी यांच्या निवडीच्या धंद्याला कायद्यात तिळभरही फट ठेवू नये. लिंगनिवडीविरुद्धचा लढा तपासणीच्या यंत्राविरुद्ध नव्हता. मुलीला ओझे ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होता. मुलीच्या बाबतीत जो निकष लावला तोच अपंग बालकाच्याही बाबतीत लावावा लागेल: समाजाच्या अन्यायाचा इलाज गर्भात शोधावयाचा नसतो, तो समाजातच करावयाचा असतो.