पदकाच्या कडेची नावे

जुनी लष्करी पदके, बिल्ले आणि गणवेशाचे तुकडे जमविणाऱ्यांचा एक सुखवस्तू वर्ग जगभर आहे. त्यांच्या छंदाशी चळवळीतल्या माणसांचे काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांना पडेल. देणेघेणे आहे, आणि ते जुने आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार धाडण्यात आली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परतली नाहीत. सातारा-रत्नागिरीच्या अपुऱ्या शेतीने आणि सावकाराच्या तगाद्याने ज्यांना पलटणीच्या दारात नेऊन उभे केले, त्यांच्यासारख्यांची पदके आज लंडनच्या लिलावात विकली जातात. हे पदक कोणाचे, हा तेथे भावाचा प्रश्न आहे. आपल्या लेखी तो न्यायाचा प्रश्न असला पाहिजे.

त्या युद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हातात घेतले, तर एका बाजूस राजा पाचवा जॉर्ज दिसतो आणि दुसऱ्या बाजूस घोडेस्वार. जाणता संग्राहक या दोहोंकडे फारसे पाहत नाही. तो भिंग घेऊन कड न्याहाळतो. रुपयाच्या नाण्याला जेथे दाते असतात, तेथे या पदकावर धारकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटविलेली असते. पलटणीच्या नावावरून काळ ठरतो. १०३, ११० आणि ११७ हे मराठा पलटणींचे आकडे किचनेरच्या १९०३ च्या फेररचनेतले. १९२२ मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. कड कानशीने घासून तिच्यावर दुसरे नाव घातले असेल, तर पदकाचा व्यास किंचित कमी भरतो आणि लबाडी उघडी पडते. ही विद्या खरी आहे, कष्टसाध्यही आहे. ती कोणाच्या कामी येते, एवढाच आमचा सवाल आहे.

धातूचेच पाहा. लढणाऱ्या शिपायाला हे पदक चांदीचे मिळे. पण ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या हिंदी, चिनी आणि माल्टाच्या मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक कांस्याचे देण्यात आले. ही रीत नवी नव्हती. १८९५ च्या ‘इंडिया मेडल’मध्येही सैन्यामागून चालणाऱ्या बुणग्यांच्या वाट्याला कांस्यच आले होते. तोफेचा गोळा मात्र शिपाई कोण आणि हमाल कोण हे विचारून पडत नसे. पुढची गंमत अशी की, कांस्यपदके थोडी निघाली म्हणून आज तीच दुर्मीळ ठरून अधिक भाव खातात. मजुराला कमी लेखून साम्राज्याने जो भेद केला, त्याचाच शंभर वर्षांनी व्यापाऱ्याला नफा झाला!

आता दगडांकडे वळू. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि कूटच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. सुमारे १३ हजार सैनिक व बुणगे तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यांतील कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत, उपासमारीत मेले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला १९२९ मध्ये उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणवार आकडा आला. आपल्या गावोगावच्या शिळाही तेच सांगतात: या गावातून इतके गेले, इतके मेले. नाव एकाचेही नाही. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालातच मान्य केले की, ४५ ते ५४ हजार मृतांचे, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी माणसांचे, स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही; आणि किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंदच झालेली नाही.

ज्या राज्याने दगडावर नाव नाकारले, त्याने ते पदकाच्या कडेवर मात्र उमटवून ठेवले. म्हणून ती कड हा आपल्या लोकांच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. आणि तोच आज खाजगी कपाटात बंद होतो. या बाजारात लढाईत मेलेल्याचे पदक जिवंत परतलेल्याच्या पदकापेक्षा महाग. मृत्यूचा दिवस जितका प्रसिद्ध, तितकी किंमत चढी. एकाच माणसाची तीन पदके तीन गिऱ्हाइकांना विकून त्याच्या आयुष्याचे तुकडे करण्यासही कोणी कचरत नाही.

संग्राहक नसते तर ही पदके केव्हाच सोनाराच्या मुशीत गेली असती, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. १९८० साली चांदीचा भाव भडकला तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये अशी असंख्य पदके वितळली. परंतु वस्तू वाचविल्याने तिच्यावरच्या नावाची मालकी मिळत नाही. पदक खुशाल ठेवा, पण कडेवरची अक्षरे जाहीर करा, एवढी मागणी कोणत्याही प्रामाणिक संग्राहकाला मान्य व्हावी.

शासनाचीही जबाबदारी आहे. १९७२ चा पुरातन वस्तू कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तूंना संरक्षण देतो आणि खाजगी व्यक्तींना त्या परदेशी नेण्यास मनाई करतो. महायुद्धाच्या पदकांनी ती वयोमर्यादा ओलांडली आहे. त्यांचा या कायद्याखाली स्पष्ट उल्लेख व्हावा. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या भरतीवह्यांतून ३ लाख २० हजार माणसांच्या नोंदी २०२१ पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. तसे काम सातारा-रत्नागिरीसाठी हाती घेण्यास पैशापेक्षा इच्छाशक्ती अधिक लागेल.

पण शासनाची वाट पाहत बसणे ही आपली परंपरा नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: एखाद्या घरात फडताळात, देव्हाऱ्यामागे पणजोबांचे ‘मेडल’ असेल, तर ते घासून चकचकीत करू देऊ नये, कारण घासण्याने अक्षरे झिजतात. कड वाचावी, क्रमांक, नाव, पलटण जशीच्या तशी उतरून घ्यावी, घरच्यांना त्या माणसाबद्दल जे आठवते ते त्याखाली लिहावे आणि वही ग्रामपंचायतीत व वाचनालयात ठेवावी. यात युद्धाचे गौरवीकरण नाही. परक्याच्या साम्राज्यासाठी ज्यांना मरावे लागले, त्यांना निदान आकड्यांतून बाहेर काढणे, एवढेच यात आहे.