कपिलची तिसरी गोष्ट

कपिल देवच्या दोन गोष्टी आपल्या घरांतून हमखास सांगितल्या जातात. पहिली टनब्रिज वेल्सची. १८ जून १९८३, झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ आणि मग नाबाद १७५. तिच्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. ती गोष्ट ऐकून अद्याप कुणा मुलाला इजा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी मेलबर्नची. फेब्रुवारी १९८१. ऑस्ट्रेलियाला जिंकण्यास अवघ्या १४३ धावा हव्या होत्या. कपिलच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, त्यामुळे चौथ्या संध्याकाळी तो गोलंदाजीस उतरूच शकला नाही. पाचव्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो आला आणि २८ धावांत ५ बळी घेऊन गेला. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ८३. त्याच सामन्यात दिलीप दोशी पायाचे हाड मोडलेले असताना गोलंदाजी करीत होता. अंगावर काटा यावा अशीच ही हकिगत आहे, आणि आम्हां डॉक्टरांना तर तिच्यात आपल्या सुईचाही थोडा वाटा असल्याचे छुपे समाधान असते!

याच गोष्टीवर माझा आक्षेप आहे.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा वेगवान गोलंदाज. कंबर महिनाभर दुखत होती आणि निवड चाचणी येत्या रविवारी. वडील सुशिक्षित, वागण्यात नम्र. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रविवारपुरते एखादे इंजेक्शन द्या. कपिलनेसुद्धा घेतलेच होते ना?"

घेतले होते. परंतु तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, हाडे पक्की झालेली होती आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता. तेरा वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या मणक्याची मागची कमान अजून पुरती टणक झालेली नसते. प्रत्येक चेंडूला कंबर मागे वाकते, वळते आणि पुढचा पाय जमिनीवर आदळतो. दिवसाकाठी शंभर वेळा हे घडले की हाडाला बारीक तडा जातो. वेदना ही त्या तड्याची एकमेव हाक. तीच आपण सुईने बंद करावयाची काय? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कुमार गोलंदाजांना वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे मूल सकाळी एका शिबिरात, संध्याकाळी दुसऱ्यात आणि रविवारी सामन्यात गोलंदाजी करते. एकूण चेंडू कुणीच मोजत नाही. प्रौढ शरीरालाही हा भार सोपा नसतो. आपल्या बडोद्याचा हार्दिक पंड्या सप्टेंबर २०१८ मध्ये दुबईच्या मैदानावर पाठ धरून कोसळला, हे आपण सर्वांनी पाहिले. पुढील वर्षी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली.

आणि कपिल? १३१ कसोटी, ५२४८ धावा, ४३४ बळी. पाच हजार धावा आणि चारशे बळी हा जोड आजवर दुसऱ्या कुणालाही साधलेला नाही. परंतु मला त्याहून नवल वाटते ते २७,७४० चेंडूंचे. नोव्हेंबर १९८३ मध्ये मी शाळकरी असताना वडिलांनी मला मोटेऱ्याला नेले होते. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात ८३ धावांत ९ बळी घेताना त्याने तीसहून अधिक षटके टाकली. सामना आपण हरलो. मला मात्र आठवते ती त्याची न थकणारी धाव. तंदुरुस्तीच्या कारणाने त्याची एकही कसोटी चुकली नाही. हे शरीर इंजेक्शनांवर उभे राहिलेले नव्हते.

येथे ती तिसरी गोष्ट येते. पंधरा वर्षांचा कपिल मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर कुमारांच्या शिबिरास गेला होता. दिवसभराच्या सरावानंतर ताटात दोन कोरड्या चपात्या आणि थोडी भाजी. मी वेगवान गोलंदाज आहे, मला अधिक अन्न हवे, अशी तक्रार त्याने केली. केकी तारापोर हसले. हिंदुस्थानात वेगवान गोलंदाज असतातच कुठे, अशा अर्थाचे काही बोलले. चारशे चौतीस बळींचे मूळ लोक या अपमानात शोधतात. मला त्यात दिसतो तो आपली भूक ओळखणारा आणि ती मोठ्यांसमोर निर्भयपणे सांगणारा मुलगा. आजची किती मुले आपल्या प्रशिक्षकाला "भूक लागली" किंवा "दुखते आहे" असे सांगू शकतात?

त्या गृहस्थांच्या मुलाला मी विचारले, सकाळी काय खातोस? त्याने आधी वडिलांकडे पाहिले. पाच वाजता चहा आणि दोन बिस्किटे, आठ वाजता नेट्सहून थेट शाळा, डबा मधल्या सुट्टीत. इंजेक्शन मी दिले नाही. एमआरआय सांगितला, तीन महिने गोलंदाजी बंद केली आणि चिठ्ठीवर दूध, अंडी, उसळ, भाकरी असे सविस्तर लिहून दिले. वडील नाराज झाले. चिठ्ठी घडी करून खिशात घालताना त्यांनी विचारले, "फलंदाजी तरी करू द्याल ना?"

मुलगा प्रथमच हसला. मी म्हणालो, दुखणे थांबल्यावर पाहू. आणि ते थांबले की नाही, हे तोच सांगेल.